माया आणि पगार

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतली निळी कुत्री देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकली. खाणं शोधत ती एका कारखान्याच्या आवारात शिरत आणि तिथला रंग अंगाला लागून बाहेर पडत. कासाडी नदीच्या प्रदूषणाचीही त्यानिमित्ताने चर्चा झाली. प्राणिमित्रांनी तक्रार केली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला.

मला मात्र त्या बातमीतली दुय्यम ठरलेली गोष्ट आठवत राहते. कुत्रं पकडून, धुऊन त्याचा रंग काढला गेला. हे कोणी केलं असेल?

माणसाचा हात कधी न लागलेलं कुत्रं नळाखाली गुमान उभं राहत नाही. ते कान मागे पाडतं, शेपूट पायांत घालतं आणि मग चावतं. ते चावायच्या आधी ओळखता यावं लागतं. जखमेत किडे पडलेलं जनावर आलं, तर त्या अळ्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात, तेही त्याला धीर देत. नसबंदीसाठी उचललेलं कुत्रं नियमाप्रमाणे सहसा जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं; म्हणून गाडीवरच्या माणसाला गल्ली, कोपरा, टपरी सगळं ध्यानात ठेवावं लागतं. तो चुकला, तर ते बिचारं परक्या टोळीच्या तोंडी जातं.

हे कसब आहे, आणि आपण त्याला ‘पुण्याचं काम’ म्हणून मोकळे होतो. पुण्य म्हटलं की पगाराचं बोलणंच अवघडल्यासारखं होतं. डॉक्टरांची वाट तरी आखलेली आहे. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली बाई साकरबाई पेटिट रुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. आज ही पदवी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची असते. पण कुत्री पकडणारा, पिंजरे धुणारा, रात्री सलाईनची बाटली बदलणारा? तो बहुधा बघून बघून शिकतो आणि चार पैसे जास्त मिळाले की दुसरीकडे जातो. त्याच्याबरोबर त्याचं शिकलेलंही जातं, आणि नुकसान मुक्या जिवाचं होतं.

घरातली मुलगी ‘मला प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करायचंय’ म्हणाली की आई-वडील विचारतात, ‘यात पोट भरेल का?’ प्रश्न रास्तच आहे, फक्त तो एकट्या त्या मुलीला विचारून भागणार नाही. नसबंदीचं काम संस्थांना देताना पालिका अनेकदा प्रत्येक कुत्र्यामागे दर ठरवतात. त्या दरात कामगाराची रेबीजची प्रतिबंधक लस, जाड हातमोजे, आठवड्याची सुट्टी आणि महिन्याचा धड पगार धरलेला आहे का, हे आपण, कर भरणाऱ्यांनी, नगरसेवकाला विचारायला हवं.