परीक्षेच्या वेळी शास्त्राचा आधार



चाळीस दिवसांच्या उपासानंतर आपल्या प्रभूस भूक लागली, तेव्हाच सैतान त्याजकडे आला. भुकेल्यास भाकरीचा मोह किती कठीण, हे आम्ही जाणतो. तरी प्रभूने तेथे चमत्कार केला नाही. तीनही वेळा शास्त्रवचनानेच उत्तर दिले. ती तीनही वचने अनुवादाच्या ६ व्या व ८ व्या अध्यायांतील आहेत. रानात पोथी उघडून शोधण्यास अवकाश कोठला? वचन अंतःकरणात होते, म्हणून वेळेवर मुखी आले.

परंतु सावध असावे. मंदिराच्या शिखरावर सैतानानेही ९१ व्या स्तोत्रातील वचन पुढे केले. तेव्हा नुसते पाठांतर पुरत नाही. अर्थही उमजला पाहिजे. "देव क्षमाशील आहे, एकदा माप कमी भरले तर काय झाले?" असे आम्ही मनाशी म्हणतो, तेव्हा तीच सैतानाची रीत चालवितो.

ज्यास वाचता येत नाही त्याने खचू नये. रोज रात्री घरातील मुलाकडून एक वचन ऐकावे, समजून घ्यावे व बाजारास जाताना मनात घोळवावे. तराजू हाती येईल तेव्हा तेच वचन आपला हात धरील. प्रभु आम्हां सर्वांस साह्य करो.