नाताळपर्यंत संपणारे युद्ध

१९१४ च्या ऑगस्ट महिन्यात युरोपात रणदुंदुभी वाजली तेव्हा शहरोशहरी लोकांनी निघालेल्या सैनिकांवर फुले उधळली. नाताळपर्यंत मुले घरी परततील, असे पुष्कळांना मनापासून वाटत होते. मातांच्या डोळ्यांत पाणी होते. परंतु जयघोषात त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

नाताळ आला तेव्हा ती मुले चिखलात उभी होती. उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदक पसरले होते. गुडघाभर पाणी, अंगावर उवा, पायाशी उंदीर, ओल्या बुटांत सडणारी पावले. आणि काटेरी तारांपलीकडे तशाच खंदकात तसाच भेदरलेला दुसऱ्या आईचा मुलगा. त्या सणापुरत्या तरी तोफा थांबवा, अशी विनवणी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी केली. सत्ताधीशांनी ती मानली नाही. काही ठिकाणी मात्र सैनिकांनीच शस्त्रे खाली ठेवून एकमेकांना शुभेच्छा दिल्या आणि आपापल्या मृतांना मूठमाती दिली.

१ जुलै १९१६ रोजी सोम नदीकाठी ब्रिटिश पलटणी पुढे सरसावल्या. आठवडाभराच्या भडिमारानंतर समोर कोणी उरले नसेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. परंतु खोल भुयारांतून जर्मन मशीनगन वर आल्या. एका दिवसात १९,००० हून अधिक जवान मरण पावले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मेसोपोटेमियातील कुत येथे उपासमारीने शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या.

मग दोष कोणाचा? अंदाज चुकणे हे पाप नव्हे. परंतु आघाडीवरील पत्रांना सेन्सॉरची कात्री लागत होती, आणि रजेवर आलेल्या जवानाचे मौन घरच्यांना सोयीचे वाटत होते. आम्हांस वाटते, अपराध अज्ञानात नाही. जाणून न घेण्याच्या हट्टात आहे. किंमत दुसऱ्याने मोजायची असली की युद्ध स्वस्त वाटते. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पोपमहोदयांनी या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले, तेव्हा दोन्ही पक्षांनी त्यांच्यावरच संशय घेतला. सत्य कोणालाच नको होते.

अन्यायाचा प्रतिकार कधी शस्त्रानेही करावा लागतो, हे ख्रिस्तसभा नाकारत नाही. पण तो अखेरचा उपाय होय. तो उपाय योग्य की अयोग्य, हे ठरवणाऱ्याने आधी तो चिखल पाहावयास हवा. पुन्हा कोठे जयघोष उठेल तेव्हा आपण स्वतःस एवढेच विचारू या: माझा मुलगा त्या खंदकात असता, तर मी हाच जयघोष केला असता का?