साक्ष स्वतःच्या विरुद्ध असली तरी

सर्व स्तुती अल्लाहसाठी, आणि त्याच्या अंतिम प्रेषितांवर (स.) दरूद व सलाम.

एका अगदी साध्या प्रसंगाचा विचार करू. चौकात सिग्नल बदलत आहे. मागून आलेली दुचाकी पुढच्या रिक्षाला धडकते. कोणालाही इजा होत नाही. रिक्षाचा मागचा दिवा फुटतो, दुचाकीचा मडगार्ड वाकतो. लोक जमतात, आवाज चढतात. वाहतूक पोलीस येतो, दोघांचे ऐकून घेतो आणि दुचाकीस्वाराच्या नावावर चलन करतो. रात्री जेवताना घरात खल सुरू होतो. मोठा भाऊ म्हणतो, ‘भरून टाक, कटकट नको.’ चाचा म्हणतात, ‘ओळखीचा वकील आहे, कोर्टात काहीही सिद्ध होणार नाही.’ मित्राचा फोन येतो, ‘मी तिथेच होतो असे सांगतो.’ दीन याविषयी काय सांगतो, हे मात्र कोणी विचारत नाही. हजार-पाचशे रुपयांच्या दंडात दीनचा काय संबंध, असे आपण गृहीत धरलेले असते.

वास्तविक संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत ईमानधारकांना न्यायावर ठामपणे उभे राहण्याचा व अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे. मग ती साक्ष स्वतःच्या, माता-पित्याच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का असेना. त्याच आयतीत साक्ष फिरवून सांगण्याविरुद्ध व ती टाळण्याविरुद्ध इशाराही आहे. आयतीने या आदेशाला रकमेची मर्यादा घातलेली नाही. लाखाच्या जमिनीला जो नियम लागू, तोच फुटलेल्या दिव्याला लागू.

हक्क मागण्यात दोष नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू. काहींना वाटते की धर्मनिष्ठ माणसाने वाद घालूच नये, अन्याय झाला तरी मुकाट्याने सोसावे. चरित्रग्रंथांत हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग येतो. त्यांनी एक घोडा घेतला व त्यावर रपेट केली. त्यात घोडा अधू झाला. त्यांना तो परत करायचा होता, पण विकणारा परत घेईना. खलीफांनी अधिकार वापरला नाही. दोघांनी मिळून शुरैह यांना पंच नेमले. शुरैह यांनी निवाडा दिला की घेतलेला घोडा ठेवा, अथवा जसा घेतला होता तसा परत करा. निवाडा खलीफांच्या विरुद्ध गेला. हजरत उमर (रजि.) यांनी तो मान्य केला, आणि पुढे याच शुरैह यांना कूफा शहराचे काझी नेमले.

या प्रसंगात आपली बाजू मांडणे आहे, आणि निवाडा स्वीकारणेही आहे. आपल्या देशाचा कायदाही चलनाला अंतिम निकाल मानत नाही. चलन हा आरोप आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० नुसार तडजोडीची रक्कम भरली की विषय तेथेच मिटतो. आरोप मान्य नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आपले म्हणणे मांडता येते. म्हणून ज्याला खात्री आहे की आपण नियमाने चाललो होतो, त्याने निःसंकोचपणे आव्हान द्यावे. ज्याची रोजीरोटी वाहन चालवण्यावर आहे, त्याच्यासाठी तर नावावरचा खोटा ठपका पुसणे अगत्याचे ठरू शकते. ज्याला झळ सोसून विषय सोडून द्यायचा आहे, त्याच्यासाठी सब्रचा मार्ग मोकळा आहे.

सिद्ध होणे आणि खरे असणे

खरी कसोटी लागते ती आपली चूक आपल्याला ठाऊक असते तेव्हा. सिग्नल पिवळा होऊन लाल झाला होता, हे दुचाकीस्वाराला माहीत आहे. पण चौकातला कॅमेरा बंद आहे आणि वकील हुशार आहे. घरातले ‘सिद्ध होणार नाही’ म्हणतात. शरीअतचा प्रश्न मात्र वेगळा आहे: घडले काय?

उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या कथनातील हदीसचा आशय असा आहे. प्रेषित (स.) यांनी सांगितले की तुम्ही माझ्याकडे तंटे घेऊन येता. तुमच्यापैकी एखादा बोलण्यात अधिक तरबेज असेल, आणि मी जे ऐकतो त्यानुसार निवाडा देतो. तेव्हा कोणाला त्याच्या भावाचा हक्क माझ्या निवाड्याने मिळाला, तरी त्याने तो घेऊ नये; तो आगीचा तुकडा आहे.

या शब्दांवर थोडे थांबावे. येथे न्यायाधीश स्वतः अल्लाहचे प्रेषित आहेत. त्यांच्या निवाड्यानेही दुसऱ्याचा हक्क हलाल होत नाही, तर आपल्या तालुक्याच्या न्यायालयातील निकालाने तो कसा होईल? न्यायालय पुराव्यावर चालते, आणि चालायलाच हवे. परंतु ज्याला सत्य ठाऊक आहे, त्याच्यापुरता निकाल आधीच लागलेला असतो.

अबू दाऊद यांच्या संग्रहात या हदीसची पार्श्वभूमी येते. दोन माणसे जुन्या वारशाचा तंटा घेऊन आली होती. दोघांकडेही पुरावा नव्हता. हे शब्द ऐकताच दोघे रडू लागले, आणि प्रत्येक जण म्हणू लागला की माझा हक्क मी याला दिला. मग प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की आता वाटणी करा, त्यात सत्याला धरून राहा, चिठ्ठ्या टाका आणि एकमेकांना माफ करा. क्षणापूर्वी जे हमरीतुमरीवर आले होते, त्यांना आखिरतच्या एका स्मरणाने भाऊ बनवले.

कोणी म्हणेल, दंड तर सरकारला जातो, त्यात भावाचा हक्क कोठे आला? ‘सिग्नल हिरवा होता’ असे आपण खोटे सांगतो, तेव्हा ‘रिक्षावाला विनाकारण मध्येच थांबला’ असेही नकळत सांगून जातो. आपल्या अंगावरचा दोष हवेत विरून जात नाही. तो दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसतो.

उसनी साक्ष

मित्राने देऊ केलेली साक्ष तर याहून गंभीर आहे. हजरत अबू बकरा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) मोठ्या पापांविषयी बोलत असताना टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सरळ होऊन बसले आणि तो इशारा इतक्या वेळा उच्चारला की ऐकणाऱ्यांना वाटले, आता त्यांनी थांबावे. मित्राला अशा साक्षीला उभे करणे म्हणजे हजार रुपयांसाठी त्याची आखिरत गहाण ठेवणे होय.

हाच नियम पालकांनाही लागू आहे. अल्पवयीन मुलगा गाडी चालवत होता आणि वडील पुढे होऊन ‘मीच चालवत होतो’ म्हणतात, असे घडते. कलम १९९अ नुसार अशा वेळी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, म्हणून भीती समजण्यासारखी आहे. पण त्या क्षणी मुलगा वडिलांकडून काय शिकतो? ‘चहापाणी’ देऊन प्रकरण मिटवतानाही मुले पाहत असतात. लाच देणारा व घेणारा या दोघांवरही प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे.

आणखी एक बोल आपल्या घरांत ऐकू येतो: ‘आपले नाव वाचले म्हणूनच चलन केले.’ असे कधी घडतही असेल. घडले असेल तर तो वेगळा अन्याय आहे, आणि त्याची तक्रार सनदशीर मार्गाने अवश्य करावी. पण त्यामुळे सिग्नलचा रंग बदलत नाही. सूरह अल्-माइदाच्या ८ व्या आयतीची शिकवण हीच आहे की कोणत्याही लोकांच्या वैराने आपल्याला न्यायापासून ढळू देऊ नये.

दिवा अजून फुटलेलाच आहे

या साऱ्या चर्चेत रिक्षावाला विसरला जातो. दंड भरला तर पैसे सरकारी तिजोरीत जातात, चलन रद्द झाले तर आपल्या खिशात राहतात. त्याचा दिवा दोन्ही वेळी फुटलेलाच असतो, आणि त्याचे तासाभराचे भाडे बुडालेले असते. हा हक्कुल इबाद, म्हणजे माणसाचा माणसावरील हक्क आहे.

बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषितांच्या (स.) एका पत्नीकडून दुसऱ्या पत्नीच्या घरी अन्नाचे भांडे आले. त्या घरातील पत्नीच्या हाताचा फटका बसून ते फुटले. प्रेषितांनी (स.) रागावणे टाळले, सांडलेले अन्न गोळा केले, फुटके भांडे ठेवून घेतले आणि त्याच्या बदल्यात धड भांडे पाठवून दिले. फुकहा (धर्मशास्त्री) सांगतात की अनवधानाने झालेल्या चुकीचा गुन्हा माफ असतो, भरपाई माफ होत नाही.

तेव्हा आपल्यावर असा प्रसंग आला तर वकिलाला विचारण्यापूर्वी, आठवण ताजी असताना, जे घडले ते जसेच्या तसे लिहून काढावे. त्यात आपली चूक दिसली तर दंड भरावा. चूक नसेल तर पुरावा घेऊन, आवाज न चढवता, आव्हान द्यावे. मनात खरोखर संदेह असेल तर तो संदेह तसाच सांगावा; ‘मला नीट आठवत नाही’ हीसुद्धा साक्षच आहे. आणि चूक आपली असेल, तर चलनाचे काहीही होवो, समोरच्याला गाठून त्याचे नुकसान भरून द्यावे व माफी मागावी. तो मुस्लिम आहे की नाही, हा प्रश्नच येत नाही. फुटलेल्या वस्तूची भरपाई सर्वांसाठी सारखीच आहे.

कियामतच्या दिवशी आपले हात-पाय बोलतील, असा आपला ईमान आहे. ज्या हातात हँडल होते, तो हात तेथे साक्षीला असेल. त्याच्या साक्षीत आणि येथील आपल्या जबाबात अंतर राहू नये, एवढी काळजी आज आपल्या हाती आहे.

हे अल्लाह, आमच्या जिभेला सत्याची सवय दे, आमच्या मुलांना आमच्याकडून खरेपणाच शिकायला मिळो, आणि कोणाचाही हक्क आमच्या मानेवर ठेवून आम्हाला तुझ्यासमोर उभे करू नकोस. आमीन.