खाणारा देव



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या २६ व्या श्लोकावर. पान, फूल, फळ, पाणी, भक्तीने दिलेलं काहीही भगवंत स्वीकारतात, हा अर्थ आपल्याला पाठ आहे. पण मूळ संस्कृतात शेवटचं क्रियापद 'खातो' असं आहे. काल 'द लंचबॉक्स' पुन्हा पाहताना ते एकदम आठवलं.

रितेश बत्रांचा हा २०१३ चा सिनेमा. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहणारी इला (निम्रत कौर). नवरा आहे, मुलगी आहे, तरी एकटी. बोलायला वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी, त्याही पडद्यावर दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज येतो. नवऱ्याने आपल्याकडे बघावं म्हणून ती जीव ओतून डबा करते. डबा चाटूनपुसून परत येतो. ती खूश! पण संध्याकाळी नवरा कौतुक करतो ते फ्लॉवरचं, जो तिने केलेलाच नव्हता. डबा चुकून साजन फर्नांडिस (इरफान खान) नावाच्या, निवृत्तीला आलेल्या विधुराकडे गेलेला असतो.

इला डब्यात चिठ्ठी घालते. त्याचं उत्तर येतं, जेवण खारट होतं. आभार वगैरे काही नाही! तरी मला वाटतं, तिचं एकटेपण कमी व्हायला तिथूनच सुरुवात होते. ज्याला मीठ कळलं, त्याने खरंच खाल्लंय.

एकट्या माणसाला आपण पटकन सांगतो, "नामस्मरण कर, देव आहे ना." ते खोटं नाही. पण असं सांगून आपण आपली जबाबदारी देवावर ढकलत नाही ना?

मागच्या आठवड्यात बायकोने विचारलं, "आज भाजी कशी होती?" मी म्हटलं, "मस्त." "कुठली होती?" मला आठवेना. डबा कॉल चालू असताना खाल्लेला. आणि सकाळी त्याच भाजीचा नैवेद्य मीच दाखवला होता! देवाने खाल्ली असेल. मी नाही.

इला आणि साजन शेवटी भेटतात का, हे सिनेमा सांगत नाही. आपल्या घरातलं माणूस मात्र समोरच असतं.

आजचा अभ्यास एवढाच: एक जेवण मोबाईलशिवाय. आणि काय आवडलं ते नाव घेऊन सांगायचं. खारट असेल तर तेही, प्रेमाने.

श्रीकृष्णार्पणमस्तु.