द्या इकडे, मी करतो

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यातला म्हातारा वापरकर्ता बहुतेक वेळा त्याच्या घरातल्याच आजी-आजोबांवरून बेतलेला असतो. सांगलीचे वालचंद असो की कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, तिथल्या मुलांच्या घरांत वडीलधाऱ्यांचा मान अजून टिकून आहे. पण सणावाराला ज्यांच्या पाया पडायचे, त्यांच्याच हातातला मोबाईल ‘द्या इकडे, मी करतो’ म्हणत काढून घ्यायचा, हेही तिथलेच चित्र. यात माया आहे आणि अविश्वासही आहे.

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर देता येतो, २०२१ पासून चेहरा दाखवूनही. नातू फोन धरतो, आजोबा सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करतात, दोन मिनिटांत काम होते. आपण हयात आहोत हे आजोबांनी सिद्ध केले खरे, पण कसे केले ते त्यांना ठाऊक नाही. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा नातवाची वाट पाहणे आलेच.

ज्या सेवेने माणसाचे कर्तेपण जाते, तिला आदर म्हणावे का, हा इथला खरा प्रश्न आहे. चांगदेवांच्या कथेत तो फार सुंदर येतो. चौदाशे वर्षांच्या योग्याला वयाने कोवळ्या ज्ञानदेवांना पत्रात काय म्हणावे ते सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा, की ज्ञानाने थोर म्हणून दंडवत घालावा? शेवटी त्यांनी कोरेच पत्र धाडले. मुक्ताईने त्या कोरेपणावर बोट ठेवले, ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. पण त्यांचा अर्थ लावण्याचे काम चांगदेवांकडेच राहिले. पुढे मुक्ताई त्यांची गुरू झाली. शिकण्याच्या आड वय आले नाही, आणि शिष्याच्या वाटचे शिकणे गुरूने उरकून टाकले नाही.

कराड ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याला असे शिकणे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच स्वावलंबी शिक्षण. १९५९ मध्ये याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावातल्या शिकलेल्यांनी प्रौढांना अक्षरे शिकवली. अंगठ्याच्या जागी सही आली, ही केवढी मोठी गोष्ट होती! आज त्याच पिढीकडे यंत्र पुन्हा अंगठा मागते, आणि शेतात राबून झिजलेल्या बोटांचे ठसे ते ओळखत नाही.

अशा वेळी ‘त्यांना जमत नाही’ म्हणणे चुकीचे आहे. कोरड्या पडलेल्या बोटाचा स्पर्श स्क्रीनला नीट कळत नाही. फिकट, बारीक अक्षर साठीनंतरच्या डोळ्यांना दिसत नाही. चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. अक्षराच्या आकाराचे, मुदतीचे हे निर्णय तिशीच्या आतल्या कुणीतरी आपल्या हाता-डोळ्यांच्या मापाने घेतलेले असतात. वयावरून माणसाला कमी लेखण्याला मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये ‘एजिझम’ हे नाव दिले. त्यासाठी मनात द्वेष असावाच लागतो असे नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने २०१७ मध्ये शिकणाऱ्यांचे वय १४ ते ६० ठरवले. साठीपुढच्यांना नको म्हणायला कुणी बसले नव्हते. ते नुसते मोजणीतून सुटले.

म्हणून विद्यार्थ्याने स्वतःचे हात मांडीवर ठेवून आजीशेजारी अर्धा तास बसावे. ती कुठे थांबते, कोणत्या बटणावर बिचकते, ‘सबमिट म्हंजे पैसे जात्यात का रं?’ असे कधी विचारते, ते वहीत टिपावे. तिचा तो प्रश्न म्हणजे ॲपमधला दोष आहे, आणि तो प्रयोगशाळेत सापडला नसता.