रिकाम्या दिवसाची मजुरी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून त्यास जांब समर्थ म्हणतात. या बाजूस, किंबहुना साऱ्या मराठवाड्यांत, शेतावर सालगडी ठेवण्याची रीत फार जुनी आहे. गुढीपाडव्यास बोली होते; सालाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती, हें तोंडी ठरतें आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो गडी त्या घरचा होतो. या कराराचा कागद बहुधा होत नाहीं. तरीपण त्यांत एक बारकावा आहे, तो कायदेपंडितांनींही लक्षांत घ्यावा असा आहे. गडी स्वतःच्या कारणानें कामावर आला नाहीं, तर तो ‘खाडा’ धरला जातो व हिशेबाच्या वेळीं त्याचे पैसे कापतात. परंतु आठ दिवस झड लागली, वाफसा नाहीं म्हणून औत चाललें नाहीं, तर सरळ मनाचा धनी त्या दिवसांचा खाडा धरीत नाहीं. गडी आला होता, काम नव्हतें, यांत त्याचा काय दोष, इतकाच विचार त्यामागें असतो.

हें आठवण्याचें कारण असें कीं, अशाच एखाद्या गांवचा मुलगा शहरांत लहानशा कारखान्यांत नोकरीस लागला म्हणजे ही साधी रीतही पुष्कळदां त्याच्या वाट्यास येत नाहीं. मालक एके दिवशीं सांगतो, “माल उठत नाहीं, महिनाभर घरीं राहा. काम सुरू झालें कीं बोलावतों. मात्र दुसरीकडे कोठें लागूं नकोस.” महिना संपल्यावर तो पगार मागावयास गेला, तर उत्तर मिळतें, “काम केलेंस कोठें? आणि बसून पगार देईन, असें लिहून दिलें होतें काय?” या दोन प्रश्नांचीं उत्तरें वाटतात तितकीं सोपीं नाहींत, म्हणूनच तीं शोधणें अगत्याचें आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करूं. कागद नाहीं म्हणजे करार नाहीं, ही समजूत लोकांत पुष्कळ पसरलेली आहे. पण ती कायद्यास धरून नाहीं. १८७२ चा करारविषयक कायदा तोंडी करारासही करार मानतो. रोज हजेरी लागत होती, महिन्याच्या महिन्यास पगार मिळत होता, या गोष्टीच कराराची साक्ष देतात. नीतीच्या दृष्टीनें तर हा आक्षेप मालकावरच उलटतो. कागद करण्याचें सामर्थ्य दोघांपैकीं कोणाच्या हातीं होतें? पहिल्याच दिवशीं “आधीं लिहून द्या” असें म्हणणाऱ्या मुलास कामावर ठेवलें असतें काय? ज्यास लिहून देतां येत होतें व ज्यानें दिलें नाहीं, त्यानेंच पुढें त्या मौनाचा लाभ घ्यावा, हा न्याय नव्हे.

पहिला प्रश्न अधिक खोल आहे. मजुरी ही कामाची किंमत. काम नाहीं तर किंमत कशाची? कापड घेतल्यावांचून कापडाचे पैसे कोण देतो? हा युक्तिवाद रोजंदाराच्या बाबतींत बराचसा खरा आहे. रोजंदार सायंकाळीं मोकळा होतो. उद्यां त्यास कोणाच्याही बांधावर जातां येतें. त्याच्या रिकाम्या दिवसाचा भार एकट्या मालकावर टाकतां येत नाहीं; तो समाजाचा आहे. १९७२ च्या दुष्काळाचा अनुभव घेतलेल्या महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला व मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचें मान्य केलें, तें याच जाणिवेनें. परंतु ज्यास “दुसरीकडे लागूं नकोस” असें सांगितलें, त्याची गोष्ट निराळी. त्याच्याकडून काम घेतलें नसेल, पण त्याची मोकळीक घेतली आहे. यंत्र सुरू होतांच हातीं तयार माणूस असावा, नवा शोधण्याचा व शिकवण्याचा त्रास पडूं नये, म्हणून त्यास थांबवून ठेवलें आहे. वाट पाहणें हीसुद्धा एक चाकरीच आहे, आणि चाकरीस मोल असतें. तें द्यावयाचें नसेल, तर त्याचें असेल तें देणें चुकतें करून त्यास उघडपणें मोकळें करावें. माणूस बांधूनही ठेवावयाचा आणि दामही द्यावयाचा नाहीं, या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकत नाहींत.

तथापि मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. वीज गेली, कच्चा माल आला नाहीं, गिऱ्हाईक आटलें, यांत त्याचा तरी काय अपराध? दहा माणसांच्या कारखान्याचा धनी कांहीं कुबेर नसतो. हें खरें आहे, आणि म्हणूनच पुरी मजुरी हें एकमेव न्याय्य उत्तर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें अशा तात्पुरत्या कामबंदीसाठीं मूळ पगार व महागाई भत्ता यांची निम्मी रक्कम ठरवली. दोष कोणाचाच नसेल, तर तोटा दोघांनीं वांटून घ्यावा, असा या निम्म्याचा अर्थ आम्हांस दिसतो. त्या कायद्यानें कामगारापाशीं करारपत्र मागितलें नाहीं. त्याचें नांव हजेरीपटावर असावें, एक वर्षाची सलग नोकरी असावी, व त्यानें ठरल्या वेळीं कामावर हजर व्हावें, एवढेंच मागितलें. हजेरीपट ठेवण्याचा भारही मालकावरच टाकला. जो हजर राहिला नाहीं, त्याचा हक्क गेला. खाड्याचाच हा हिशेब!

पण या कायद्याचें कुंपण पन्नास कामगारांशीं थांबलें. हंगामी उद्योगही त्याच्या बाहेर राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेंही हीच रेघ कायम ठेवली. त्याच वेळीं लागू झालेल्या दुसऱ्या संहितेनें नेमणूकपत्र देणें मालकांवर बंधनकारक केलें, ही चांगली गोष्ट झाली. परंतु बारा माणसांच्या कारखान्यांतील मुलास नेमणूकपत्र मिळालें, तरी निम्म्या मजुरीचें कलम त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. तेथें उरते ती मालकाची सदसद्विवेकबुद्धि.

२०२० च्या टाळेबंदींत या प्रश्नानें उग्र रूप धारण केलें. पगार न कापतां द्यावा, असा आदेश केंद्र सरकारनें २९ मार्च रोजीं काढला. त्याविरुद्ध कांहीं कारखानदार मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेले. ३० एप्रिल रोजीं न्यायालयानें आदेशांत हात घालण्याचें नाकारलें. मात्र जेथें बंदी उठली आहे तेथें जे कामगार आपणहून येणार नाहींत, त्यांचा पगार कापण्यास मुभा ठेवली. पुढें केंद्रानें १८ मेपासून तो आदेश मागें घेतला, आणि १२ जून रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मालक-कामगारांनीं वाटाघाटींनीं मिटवावें असें सुचविलें. परंतु वाटाघाटीस बसावयास माणूस जागेवर टिकावा लागतो. ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळांच्या कडेनें गांवाकडे पायीं निघालेल्या मजुरांपैकीं सोळा जण करमाडजवळ थकून रुळांवरच झोंपले असतां मालगाडीखाली सांपडले. ते मध्यप्रदेशचे होते आणि जालन्याच्या पोलाद-उद्योगांत काम करीत होते. त्यांच्या हिशेबाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण काम बंद पडल्यावर माणसास पायाखालची जमीन आपली वाटत नाहीं, हें ज्यास कळावयाचें असेल, त्यानें तो रूळ आठवावा.

येथें कोणी म्हणेल, सालगड्याची रीत एवढी चांगली, तर तीच कारखान्यांत कां आणूं नये? तसें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्या रीतीनें पावसाळ्यांतील भाकरीची हमी दिली, पण तिची किंमत म्हणून उचलीचें ओझें दिलें, रात्रीअपरात्रीची चाकरी दिली, आणि पुष्कळदां कर्जांत जखडलेलें आयुष्य दिलें. वेठबिगारी मोडण्यासाठीं १९७६ चा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. रोजंदारास मोकळीक आहे पण हमी नाहीं. सालगड्यास हमी आहे पण मोकळीक नाहीं. घरीं बसवलेल्या त्या मुलास मात्र दोन्ही नाहींत, आणि त्याच्या दुःखाचें मर्म हेंच आहे.

जांबेचा बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ हा शब्द ऐकून लग्नमंडपांतून निघून गेला, अशी कथा आहे. एका तोंडी शब्दानें पुढें केवढें बंधन येणार, हें त्यानें ओळखलें. पण त्यास जातां आलें, कारण मागें घर पाहणारा वडील भाऊ होता. आमच्या या मुलामागें घर पाहणारा तोच आहे. त्यास निघून जातां येत नाहीं. म्हणून “थांब, बोलावतों” हा शब्द उच्चारण्यापूर्वीं सावधान व्हावयाचें तें मालकानें. तो शब्द कागदावर नसेल, पण त्यावर विसंबून एक चूल थांबलेली असते.