मनावर घेणं म्हणजे

साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी, रोवणीच्या दिवसांत, बाबांनी मला बांधीचं तोंड बुजवायला पाठवलं. वाटेत तलावावर ढिवर जाळं टाकत होते. मी बघत बसलो. दिवेलागणीला आमचं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत उतरलं होतं. "तू मनावरच नाही घेत रे," इतकंच बाबा म्हणाले.

1902 मध्ये लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, पण नैतिक नियंत्रणात खोट, असं त्यांचं निदान. बाबांनी स्टिल वाचला नव्हता. निदान मात्र तेच. पुढे खोट नीतीतून निघून हातापायांच्या चुळबुळीत गेली, 1980 मध्ये 'लक्ष' या शब्दापाशी आली, 1987 मध्ये एडीएचडी हे नाव पडलं. मला पटतात ते मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली. 1997 मध्ये त्यांनी मांडलं की अडचण लक्षाहून खोल, स्वतःला आवरण्यात आहे. काय करायचं ते ठाऊक असतं. ऐन वेळी हातून होत नाही.

चाळिशीत माझं निदान झालं तेव्हा मी रडलो. मग सहा महिने निदानाच्या कागदामागे दडलो. एकदा मुलीला शाळेतून आणायचं विसरलो. "मेंदूचं मला पटतं," बायको म्हणाली, "पण फाटकाशी दीड तास उभी होती ती पोरगी."

यावर उत्तर नव्हतं. अजून नाही.

आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांच्या हातचे. पाऊस त्यांच्या ताब्यात नव्हता. म्हणून त्यांनी पाणी अडवायला पार घातली, जादा पाणी जायला सलंग ठेवली, हवं तेवढं सोडायला तुडूम बसवलं. पाऊस लहरी आहे हे धरूनच सगळी रचना. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले आणि गाळ साचत गेला. काढायचा कोणी, हे कोणाचंच राहिलं नाही. माझ्या त्या सहा महिन्यांत नेमकं हेच झालं होतं.

लक्षात ठेवणं म्हणजे जबाबदारी, असं मी लहानपणापासून समजत आलो आणि दर वेळी नापास झालो. आता मी विसरणार हे धरून चालतो. चावीला एकच खिळा. कबूल केलेलं काम लगेच कागदावर. माफी मागताना एडीएचडीचं नाव काढायचं नाही. ते नंतर, कोणी विचारलं तर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत याचं नाव नाही, तेव्हा कचेरीकडून सवलतीची आशाही फारशी धरत नाही. एकट्याने सगळं पेलायचं हेही खरं नव्हे. तलावाची पार कधी एकट्याने बांधली नाही कोणी. पण गावाला हाक मारायला आपणच जावं लागतं. ती हाक मारायला मला बायकोहून मुलीसमोर जास्त लाज वाटली.

तिने माझ्या फोनवर तीन गजर लावून दिलेत. तिसऱ्यात तिचाच आवाज आहे: "बाबा, निघालात का?" बहुतेकदा तोवर मी निघालेलो असतो.